तिसरी चिठ्ठी

माझ्या भावजयीचा मला राग येतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. राग यायला माणसाने काहीतरी वाईट केलेलं असावं लागतं, आणि ती बया काहीच वाईट करत नाही, हीच तर पंचाईत आहे. मी जळते तिच्यावर. सरळ सांगते, उगाच आडवळणं कशाला घ्यायची! सकाळी दुकानाचं शटर वर गेलं आणि खिडकीजवळच्या टेबलाशी तिची वाकलेली पाठ दिसली, की माझ्या पोटात जे दुखायला लागतं ते संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत थांबत नाही.

दुकान आमच्या अप्पांचं. जुन्या ब्रिटिश चांदीच्या नाण्यांचं. क्राउन, हाफ क्राउन, फ्लोरिन, शिलिंग, आणि डब्यांतले प्रूफ संच. प्रूफ म्हणजे बाजारात चालवायला नव्हे, नुसतं जपून ठेवायला टांकसाळीने निगुतीने पाडलेलं नाणं. पण विकणं हे आमचं अर्धंच काम. खरं काम प्रत लावायचं. नाणं किती झिजलंय, झळाळी किती उरलीय, कोणी घासलंय का, कडेला मार बसलाय का, हे भिंगातून बघायचं आणि ठरवायचं: फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, आणि सगळ्यात वर एफडीसी, म्हणजे टांकसाळीतून बाहेर पडलं तसंच्या तसं. ती प्रत एका छोट्या गोल तिकिटावर लिहायची, खाली अप्पांची सही. आमचं गिऱ्हाईक आधी सही बघतं, मग नाणं.

प्रत लावायची आमची पद्धत अप्पांनीच घालून दिलेली. दोघांनी वेगवेगळं बघायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, आपापली चिठ्ठी लिहून उपडी ठेवायची. मग दोन्ही एकदम उलटायच्या. जुळल्या तर प्रत ठरली. नाही जुळल्या तर तिसऱ्याने बघायचं आणि त्याची तिसरी चिठ्ठी शेवटची. एकवीस वर्षं त्या टेबलाशी मी आणि अप्पा बसत होतो. एकवीस वर्षांत तिसऱ्या माणसाची गरज पडली नाही. मी व्हेरी फाइन लिहिलं की अप्पांचंही व्हेरी फाइन. लोक म्हणायचे, बापलेकीचे डोळे एकाच साच्यातले आहेत. मला काय, तेवढं ऐकलं की जेवण नाही मिळालं तरी चालायचं.

मग आमच्या धाकट्याचं लग्न झालं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याच्या लेखी नाणं म्हणजे पार्किंगच्या मशीनमध्ये टाकायची चीज. त्याने बायको आणली ती रक्त तपासायच्या लॅबमधली, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणारी. लॅब बंद पडली तेव्हा अप्पा म्हणाले, "घरी बसून काय करशील सूनबाई, ये दुकानात." मीही म्हटलं, येऊ दे, फडकं मारेल, चहा करेल. महिन्याभरात अप्पा खुर्चीतून उठले, तिला तिथे बसवलं आणि आपण मागच्या आरामखुर्चीत जाऊन बसले. तिसरा माणूस म्हणून!

आणि तिसऱ्याची गरज पडायला लागली ना. रोज पडायला लागली. मी एक लिहिणार, ती दुसरंच लिहिणार, मग अप्पा उठून येणार, भिंग डोळ्याला लावणार आणि दहातल्या सात वेळा तिच्या बाजूने चिठ्ठी टाकणार. कालची पोर! पण त्याचंही एवढं नाही. उरलेल्या तीन वेळा ती चुकली की अप्पा तिला जे झाडायचे, ते मला बघवायचं नाही. "सूनबाई, परत बघ. राजाच्या कानावरचे केस मोज. आता दिवा तिरका कर. दिसलं? नाही? मग डोळे घरी ठेवून आलीस का?" तास तास चालायचं. आणि मी शेजारी शिलिंगं पाकिटात भरत बसायची.

तुम्ही म्हणाल, ती बोलणी खाते तर तुला आनंद व्हायला हवा. छे! मला अप्पा उभ्या जन्मात असं एकदाही बोलले नव्हते. मी चिठ्ठी टाकली की "बरोबर" म्हणायचे आणि तिकीट लिहायला घ्यायचे. तेव्हा मला तो माझा मोठेपणा वाटायचा. तिला बोलताना मात्र त्यांचा चेहरा असा उजळायचा, की मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा मलाही कोणी डोळे कुठे ठेवलेस म्हणून विचारावं. आता याला काय म्हणायचं? मी दुसऱ्याच्या बोलण्यांवरही जळत होते.

आमचे हे म्हणाले, "तू सरळ नोकरी बदल." मी म्हटलं, "बापाच्या दुकानाला नोकरी म्हणणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही," आणि दोन दिवस बोलले नाही.

तर त्या सोमवारी अप्पांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आम्हा दोघींना म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून तिकिटावर माझी सही नसेल. हात थरथरतो. सही तुमच्यातल्या एकीची. दोघींची नाही, गिऱ्हाइकाला एकच माणूस जाब द्यायला लागतो. शनिवारी सांगतो कोणाची."

मला रात्रभर घरच्यांशी भांडावंसं वाटेल असं ते वाक्य होतं. चोवीस वर्षं मी कशासाठी घासली होती? दुकान धाकट्याच्या नावावर जाणार हे मला ठाऊक होतं, जाऊ दे, त्याला लखलाभ. मला ती गोल तिकिटावरची सही हवी होती. बाकी काही नको होतं. आणि सूनबाई काय म्हणाली असेल? म्हणाली, "अप्पा, ताईच करतील ना सही. मला कुठे एवढं कळतंय." मानभावी कुठली! खरं सांगायचं तर ते ती मनापासून म्हणाली होती, आणि म्हणूनच मला जास्त झोंबलं.

गुरुवारी अप्पा दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. मी लोखंडी कपाटाचा खालचा खण आवरायला काढला. तिथे अप्पांची स्वतःची, न विकायची नाणी असतात. अगदी मागे एक जुनं पाकीट होतं. वर अप्पांच्या अक्षरात ‘विकायचं नाही’. आत कापसात एक क्राउन, एकोणीसशे दोनचा, टक्कल पडलेल्या दाढीवाल्या राजाचा, मॅट प्रूफ. त्या वर्षी राज्याभिषेकाच्या संचातली प्रूफ नाणी आरशासारखी चकचकीत न करता मुद्दाम मंद ठेवली होती, बल्बच्या दुधी काचेसारखी. खाली पिवळं पडलेलं तिकीट: एफडीसी, आणि अप्पांची जुनी, ठणठणीत हाताची सही.

माझ्या डोक्यात त्याच क्षणी सगळं जुळलं. म्हटलं, हेच ते! प्रत अप्पांनीच लावलेली, म्हणजे वाद संपला. शनिवारच्या ट्रेमध्ये हे नाणं बिनतिकिटाचं सरकवायचं. सूनबाईला चूक शोधायची खोडच आहे, ती हमखास एक पायरी खाली लिहिणार. मी एफडीसी लिहिणार. अप्पा तिसरी चिठ्ठी टाकायला उठले, की मी पर्समधून त्यांचंच तिकीट काढून समोर ठेवणार. बघा, कोणाचा डोळा तुमच्यासारखा आहे! लबाडी होती, मला कळत होतं. पण तीन वर्षं पोटात दुखणाऱ्या बाईला लबाडी औषधासारखी वाटते.

नाणं मी परत कापसात गुंडाळलं, तिकीट पर्समध्ये ठेवलं. आणि दोन दिवस सूनबाईशी इतकी गोड वागले, की तिने मला विचारलं, "ताई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

शनिवारी सकाळी खिडकीतून छान ऊन येत होतं. ट्रेमध्ये अकरा नाणी होती, बारावं मी ठेवलं. पहिली अकरा कशी गेली ते मला आठवतही नाही, चार ठिकाणी चिठ्ठ्या जुळल्या नाहीत, अप्पांनी त्या नंतर बघतो म्हणून बाजूला ठेवल्या. मग बारावं आलं. मी ते कडेने उचललं, बघितल्यासारखं केलं, ऐटीत एफडीसी लिहिलं आणि चिठ्ठी उपडी ठेवली.

सूनबाईने नाणं उचललं आणि तिचा हात थांबला. दिवा तिरका केला. मग उजेडाला पाठ करून बसली, परत वळली. मोठं भिंग घेतलं. पाच मिनिटं झाली. मी मनात म्हटलं, बस शोधत, शोध, तुझ्या आजोबांनाही काही सापडायचं नाही. शेवटी तिने लिहिलं. नेहमी एक शब्द लिहिते, आज तीन ओळी लिहिल्या.

चिठ्ठ्या उलटल्या. माझी: एफडीसी. तिची: ‘प्रूफ, पण पुसलेलं. सगळ्या पृष्ठभागावर केसासारखे बारीक ओरखडे, गोल गोल घासल्याचे. प्रत लावता येत नाही.’

मला इतका आनंद झाला, की हसू दाबायला मी तोंडावर हात ठेवला. एक पायरी नव्हे, बाई पार खड्ड्यात पडली होती. "अप्पा," मी हाक मारली, "या बरं जरा. आज सूनबाईंनी कमाल केलीय."

अप्पा आले. त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या नाहीत, आधी नाणं उचललं, तशी त्यांची सवयच आहे. उचललं आणि भिंग डोळ्याला लावलंच नाही. नुसते बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

"हे कुठून आलं ट्रेमध्ये?"

"ते राहू दे. प्रत सांगा तुम्ही."

"सूनबाई म्हणते ते बरोबर आहे," अप्पा म्हणाले. "पुसलेलं आहे."

माझं डोकंच फिरलं. मी पर्स उघडली आणि ते पिवळं तिकीट टेबलावर आपटलं. "ही सही कोणाची आहे? तुमची ना? तुमच्या हातची एफडीसी आहे! आता हिने म्हटलं म्हणून पुसलेलं झालं? म्हणजे ही बोलेल ती पूर्व दिशा! माझं सोडा, तुमची स्वतःची सहीसुद्धा हिच्यापुढे खोटी का?"

मी जे बोलले ते मोठ्याने बोलले. दारात येऊ घातलेलं एक गिऱ्हाईक परत फिरलं. सूनबाई पांढरीफटक पडली. तिने तिकीट बघितलं, अप्पांकडे बघितलं आणि घाईघाईने म्हणाली, "माझीच चूक असेल अप्पा. मॅट प्रूफ मी फारशी बघितलेली नाहीत. मी चिठ्ठी बदलते."

"खबरदार," अप्पा म्हणाले. "काय दिसलं ते पूर्ण सांग. लिहिलं नाहीस तेही सांग."

ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "घासलंय ते जुनं आहे. आणि... अक्षरांच्या खोबणीत काहीतरी सुकून बसलंय. गुलाबी आहे. टूथपावडर असावी. आणि घासण्याचे गोल अगदी लहान लहान आहेत, मोठ्या माणसाचा हात असा फिरत नाही. मला वाटतं, कोणा लहान मुलाने..." इथे ती थांबली, कारण अप्पांनी हात वर केला होता.

मी नाणं हिसकावून घेतलं. खिडकीशी नेलं, भिंग लावलं. होते ओरखडे. राजाच्या गालावर, गळ्यावर, मोकळ्या जागेत, सगळीकडे. आंधळ्याला दिसावेत इतके होते. गुरुवारी ते नाणं माझ्या हातात होतं, शनिवारी परत होतं, आणि मी दोन्ही वेळा ते बघितलंच नव्हतं. मी तिकीट बघितलं होतं. आणि राजाच्या नावातल्या अक्षरांमध्ये ती गुलाबी पूड होती.

आमच्या घरी तेव्हा गुलाबी टूथपावडर यायची, पत्र्याच्या डब्यात. मी सहा वर्षांची असेन. अप्पांनी एक मोठं नाणं आणलं होतं आणि ते आईला दाखवून दाखवून थकत नव्हते. मला ते मळकट वाटलं होतं. अप्पा दुकानात गेल्यावर मी मोरीत बसून, बोटाला पावडर लावून, ते दुपारभर घासलं. लख्ख केलं. संध्याकाळी अप्पा आले तेव्हा दारातच त्यांच्यापुढे धरलं. अप्पा क्षणभर दाराला टेकून उभे राहिले, मग त्यांनी मला उचलून खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "वा गं माझी वाघीण! काय चमकवलंयस!" त्या दिवशी मी ठरवलं होतं की मोठी होऊन अप्पांच्याच दुकानात काम करायचं.

"अप्पा, हे ते नाणं?"

"माझं पहिलं चांगलं नाणं," अप्पा म्हणाले. "तिकीट सकाळी लिहिलं होतं, तेव्हा खरं होतं. संध्याकाळी बदलायला हात धजला नाही. ठेवून दिलं मागे."

"मला सांगायचं ना!"

"सहा वर्षांच्या पोरीला काय सांगू?"

"मी सत्तेचाळीस वर्षांची आहे अप्पा! चोवीस वर्षं इथे बसतेय. त्यानंतर तरी सांगायचं!"

अप्पा खुर्ची ओढून बसले. तिच्या नाही, माझ्या खुर्चीत. बराच वेळ ते ती पिवळी चकती बोटाने सरळ करत राहिले.

"तिथेच चुकलं माझं," ते म्हणाले. "तुझी चूक निघाली की तुझं तोंड एवढंसं व्हायचं. मला ते बघवायचं नाही. मग मी अवघड नाणी बाजूला काढून ठेवायला लागलो. रविवारी एकटा येऊन बघायचो. तुझ्यापुढे सोपी ठेवायची, म्हणजे चिठ्ठ्या जुळायच्या."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. एकवीस वर्षं जुळलेल्या चिठ्ठ्या. बापलेकीचे एकाच साच्यातले डोळे.

"आणि हिला?" मी सूनबाईकडे बोट केलं.

"तिला पहिल्या दिवसापासून अवघडच दिली. सुनेचं तोंड एवढंसं झालं तर माणूस सोसतो." ते हसायला गेले, पण हसू काही आलं नाही. "सही तिची राहील ताई. तुला वाईट वाटेल म्हणून आजही खोटं बोललो, तर उद्या गिऱ्हाइकाचं नुकसान होईल."

सूनबाई रडायला लागली. तीच! सही तिला मिळाली आणि रडतेय तीच. मला एक सणसणीत काहीतरी बोलायचं होतं, ते तोंडापर्यंत आलं आणि तिथेच विरलं. तिने पाच मिनिटांत जे बघितलं होतं ते मी चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं, आणि तरी ते मोठ्याने बोलताना ती माझ्याकडे न बघता बोलली होती. मेलीला तेवढंही कळत होतं.

"आण ते तिकीट इकडे," मी म्हटलं. "नवीन. मी लिहिते. मी पुसलंय, मीच लिहिणार." तिने कोरी चकती दिली. मी लिहिलं: मॅट प्रूफ, पुसलेलं. सहीची जागा कोरी ठेवून चकती तिच्याकडे सरकवली. तिने नाक पुसलं आणि सही केली. छान सही होती, नीटनेटकी. मला तीही आवडली नाही.

अप्पा उठून आरामखुर्चीकडे निघाले. मी त्यांना मध्येच अडवलं.

"रविवारी किती वाजता येऊन बसता?"

"सातला. का?"

"मी येणार उद्या. सगळ्यात अवघड नाणी काढून ठेवा."

"चुकशील," अप्पा म्हणाले. "खूप चुकशील. मग मी बोलेन."

"बोला. डोळे घरी ठेवून आलीस का म्हणून विचारा, हवं ते विचारा," मी म्हटलं. "पण हिला बोलवायचं नाही."